छपराआधीची बैठक

५ मे २०१६ चा दिवस उज्जैनकर विसरलेले नाहीत. सिंहस्थ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. २२ एप्रिलचे पहिले शाही स्नान पार पडले होते, ९ मेच्या दुसऱ्या स्नानासाठी यात्रेकरूंची रीघ लागली होती. त्या दिवशी आभाळ भरून आले, वावटळ उठली आणि पाठोपाठ मुसळधार पाऊस कोसळला. मंगळनाथकडच्या भागात मंडपांचे खांब उखडले, लोखंडी सांगाडे कोलमडले, ओली कापडे माणसांच्या अंगावर आली. सात जण गेले, कित्येक जखमी झाले. छावण्यांत गुडघाभर चिखल झाला आणि अन्नछत्रांच्या चुली विझल्या.

माळव्याची माती काळी आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि त्या भेगाळलेल्या रानात घणाने ठोकलेली मेख अशी घट्ट बसते की उपटता उपटत नाही. एक मोठा पाऊस झाला की तीच माती लोण्यासारखी मऊ होते आणि मेख धरत नाही. हे कळायला अभियंत्याची पदवी लागत नाही. गव्हाची कापणी करून जून महिन्यात सोयाबीन पेरणाऱ्या इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ते ठाऊक असते. पाणी शेताच्या कोणत्या कोपऱ्यातून उतरते, नाला कुठे होता आणि कधी बुजवला, हेही त्याला ठाऊक असते. मंडप कुठे उभारायचा, मेख किती खोल ठोकायची आणि मंडपाच्या चहूबाजूंनी चर खणायचा की नाही, हे मात्र मंडप येण्याच्या कितीतरी आधी, कुठल्यातरी खोलीत, टेबलाभोवती बसलेली माणसे ठरवतात. त्या टेबलाभोवती तो शेतकरी असतो का?

या लेखाचा विषय एवढाच आहे. छप्पर बांबूचे असो, ताडपत्रीचे असो की सिमेंट-काँक्रीटचे, ते आधी बैठकीत उभे राहते. बैठकीला कोणी यायचे, कोणी बोलायचे, कोणाचे बोलणे लिहून घ्यायचे, यांचे नियम कंटाळवाणे वाटतात. पण मला आता असे वाटू लागले आहे की, निवाऱ्याच्या कामात बांबू आणि हजेरीपुस्तक या दोन्ही वस्तू सारख्याच जपून वापरायला हव्यात.

सिंहस्थाचा व्याप डोळ्यांपुढे आणा. २०१६ मध्ये मेळ्याचे क्षेत्र सुमारे तीन हजार हेक्टर होते. सहा झोन आणि बावीस सेक्टर पाडलेले. महिनाभरासाठी वसवलेले आणि मग मोडायचे असे शहरच ते. भूकंप, पूर किंवा युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या छावण्या याहून वेगळ्या नसतात. फरक असलाच तर हा, की मेळ्याची तारीख पंचांगात असते आणि आपत्तीची नसते. म्हणून आपत्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी बैठकीचे नियम आधीच घालून घेतले आहेत, आणि ते आपणही समजून घेण्यासारखे आहेत.

या नियमांचा उगम मोठ्या गोंधळात आहे. संकट आले की पन्नास-शंभर संस्था एकाच वेळी धावतात. रस्त्यालगतच्या गावाला तीन-तीनदा ताडपत्री मिळते आणि डोंगरापलीकडच्या वाडीला एकदाही मिळत नाही. एक संस्था तंबू देते, दुसरी पत्रे देते, तिसरी रोख पैसे देते, आणि एकाच गल्लीतले शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मदतकार्याची फेररचना झाली. पाणी, आरोग्य, पोषण, निवारा अशा प्रत्येक क्षेत्रासाठी संस्थांचा एकेक समूह ठरला आणि त्याला 'क्लस्टर' हे नाव पडले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला काश्मीरमध्ये भूकंप झाला आणि पाकिस्तानात ही पद्धत पहिल्यांदा वापरून पाहिली गेली. निवाऱ्याच्या क्षेत्रात युद्ध व संघर्षामुळे विस्थापित झालेल्यांची जबाबदारी निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे गेली, आणि नैसर्गिक आपत्तीतले समन्वयाचे काम रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे आले.

क्लस्टरच्या बैठकांना यायची सक्ती कोणावरही नसते. निवाऱ्याचे काम करणारी कोणतीही संस्था, मोठी असो की तालुक्यापुरती, येऊ शकते. पण आली की तिच्यावर काही बंधने येतात. आपण कोणत्या गावात, कोणासाठी, काय आणि कधी करणार आहोत हे तिने सांगितले पाहिजे. सगळ्यांनी मिळून ठरवलेली मापे पाळली पाहिजेत. म्हणजे आपल्या ताडपत्र्यांचा हिशेब इतरांना न दाखवता, फक्त इतरांचा हिशेब पाहायला येणे चालत नाही. तटस्थता हाच ज्यांच्या कामाचा पाया आहे अशा काही संस्था, उदाहरणार्थ रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती, निरीक्षक म्हणून बसतात. त्या माहिती देतात-घेतात, पण सामूहिक निर्णयाला स्वतःला बांधून घेत नाहीत. हा फरक पहिल्याच दिवशी स्पष्ट असावा लागतो. नाहीतर तीन महिन्यांनी 'तुम्ही तर बैठकीत होतात' असा वाद होतो.

आणखी एक साधा पण फार महत्त्वाचा नियम आहे. प्रत्येक संस्थेने दर वेळी एकच माणूस पाठवावा, आणि त्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा अधिकार असावा. आपल्याकडच्या शासकीय बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे मोल कळेल. साहेब रजेवर, म्हणून कारकून येतो. पुढच्या वेळी कारकुनाची बदली झालेली असते, म्हणून तिसराच येतो. प्रत्येक जण 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणतो, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. इकडे पावसाळा मात्र पुढच्या बैठकीची वाट पाहत नाही. ताडपत्रीखाली बसलेल्या बाईच्या दृष्टीने पुढे ढकललेली प्रत्येक बैठक म्हणजे भिजून काढलेली एक रात्र.

अध्यक्षाच्या खुर्चीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जी संस्था समन्वय करते तीच घरेही बांधते. मग तिचा माणूस अध्यक्ष झाला की आपल्याच संस्थेकडे चांगली गावे वळवेल, अशी शंका इतरांना येणारच. यावर उपाय म्हणून समन्वयाचे पथक संस्थेच्या स्वतःच्या मदतकार्यापासून वेगळे ठेवण्याची प्रथा पडली. समन्वयकाने आपल्या संस्थेची टोपी दाराबाहेर काढून ठेवायची. धोरणाचे प्रश्न सोडवायला सभासदांतून निवडलेला एक छोटा सल्लागार गट असतो आणि भिंतीच्या जाडीपासून पत्र्याच्या जाडीपर्यंतची चर्चा करायला तांत्रिक गट असतो. मोठ्या बैठकीत पत्र्याच्या जाडीवर दोन तास घालवायचे नसतात. निर्णय शक्यतो मतदानाने न घेता सहमतीने घ्यायचा असतो, कारण मतदानात हरलेल्या संस्थेला तिच्या वाटच्या गावात काम करायला कोणी भाग पाडू शकत नाही.

भारतात संयुक्त राष्ट्रांची क्लस्टर पद्धत सहसा येत नाही. इथे सूत्रे शासनाच्या हातात असतात, आणि तसेच असायला हवे. २००५ च्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण दिले. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, स्थानिक स्वराज्य संस्थेचे निवडून आलेले प्रतिनिधी सहअध्यक्ष, पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सदस्य. अध्यक्ष सोडून एकूण सदस्य सातपेक्षा जास्त नाहीत. बैठक गरज पडेल तेव्हा, अध्यक्षांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी. संकटात झटपट निर्णय हवा म्हणून मंडळ लहान ठेवले, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याचे घर पडले त्याला या मंडळात जागा नाही, आणि घरे बांधणाऱ्या संस्थांनाही नाही. त्यांना सल्लागार समित्यांतून किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलेल्या समन्वय बैठकीतून यावे लागते. म्हणजे सगळे त्या एका व्यक्तीच्या समजूतदारपणावर उभे राहते. समजूतदार जिल्हाधिकारी महाराष्ट्राने पाहिले आहेत. पण नियमात जागा असणे वेगळे आणि कोणाच्या कृपेने जागा मिळणे वेगळे.

दार उघडे ठेवले म्हणून माणसे आत येतातच असेही नाही. याचे खूप चर्चिले गेलेले उदाहरण हैतीचे आहे. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला आणि सुमारे पंधरा लाख माणसे उघड्यावर आली. समन्वयाच्या बैठका राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर होऊ लागल्या. तळाला फाटक होते आणि फाटकावर पहारा. आत जायला ओळखपत्र लागे, यायला वाहन लागे. बैठका बहुतांशी इंग्रजीत चालत. हैतीची माणसे क्रेओल बोलतात, शिकलेली माणसे फ्रेंचही बोलतात. स्वतःचे घर पडलेले असताना वस्तीत काम करणारे स्थानिक कार्यकर्ते त्या फाटकाबाहेर राहिले, आणि देशात नुकतेच उतरलेले परदेशी पाहुणे देशाच्या छपरांविषयी ठरवत बसले. बैठकीला कोणीही यावे असा नियम होता. भाषा, फाटक आणि वेळ यांनी तो मोडला, आणि नियमपुस्तकात कुठेही खाडाखोड करावी लागली नाही.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर चित्र बरेच वेगळे होते. तिथे निवारा क्लस्टरचे नेतृत्व नेपाळ शासनाचा नगरविकास व इमारत बांधकाम विभाग आणि रेड क्रॉसचा महासंघ यांनी मिळून केले. पडलेल्या आणि मोडलेल्या घरांची संख्या सुमारे साडेसात लाख होती. तेवढ्या घरांची बांधणी कोणतीही परदेशी संस्था परक्या भाषेत बसून करू शकली नसती.

आता आपल्या घरी येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मराठवाड्यातल्या त्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या होत्या, ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते माळवद त्या पहाटे झोपलेल्यांवर आले.

पुनर्वसनाचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीने आखला गेला. सर्वाधिक नुकसान झालेली बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवायची ठरली. नवी घरे जमिनीच्या मालकीवरून तीन मापांची: भूमिहीन व अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना चारशे, मोठ्या खातेदारांना साडेसातशे. अनेक गावे देशभरातल्या संस्थांनी दत्तक घेतली. त्या संस्थांचा हेतू चांगला होता आणि कामही वेगाने झाले. पण नकाशे बहुतेक ठिकाणी शहरात बसून काढले गेले: सरळ रस्ते, काटकोनात वळणाऱ्या गल्ल्या, एकसारखे भूखंड. गावातली आळी, चावडी, पार, भावकीची शेजारशेजारची घरे, गोठ्याची जागा, धान्य वाळवायचे अंगण यांचा हिशेब त्यात बसला नाही. गुबाळ या गावात तर घुमटाच्या आकाराची घरे उभी राहिली. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, फळी बसत नाही. मुलाचे लग्न झाल्यावर शेजारी एक खोली काढायची म्हटले तर घुमटाला खोली जोडायची कुठे? घुमट भूकंपात टिकेल, यात शंका नाही. पण त्यात राहणाऱ्या बाईला तिच्या स्वयंपाकघराविषयी कोणी दोन प्रश्न विचारले असते, तर नकाशा कागदावरच बदलला असता.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याची आठवण कमी काढली जाते. शेकडो गावांत घरे पूर्ण पडली नव्हती. त्यांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. हे काम सुरुवातीला रखडले. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. शेजारच्या गावाला नवे कोरे घर, मग आम्हाला डागडुजी का, असा रास्त सवाल होता. अभियंता गावात यायचा, चावडीवर पाच-सात पुरुषांशी बोलायचा आणि निघून जायचा. मग शासनाने लोकसहभागासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सल्लागार नेमले. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ही संस्था महिला मंडळांना घेऊन काम करत होती. गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. गावकऱ्यांना योजना समजावून सांगायची आणि गावकऱ्यांचे म्हणणे अभियंत्यापर्यंत न्यायचे, हे त्यांचे काम.

त्या बैठकांमध्ये काय चालले असेल याचा विचार करा. भिंतीच्या दोन थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड कुठे घालायचा, माळवदावरची माती किती कमी करायची, दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा का हवा, तुळई आणि खांब यांना तिरका आधार कसा द्यायचा, हे सगळे त्या बायका शिकल्या. मग त्यांनी ते गावाला शिकवले. अनुदान हप्त्याहप्त्याने येत होते, म्हणून काम कुठवर आले यावर घरच्यांचीच नजर राहिली. मिस्त्री आरपार दगड चुकवतो आहे का, हे विचारायला आता गल्लीतली बाई उभी राहत होती. घरात दिवसभर राहते ती, भिंतीला ओल कुठे येते हे तिलाच आधी दिसते, आणि तरीही घराविषयीच्या बैठकीत बसायचा मान तिला भूकंपानंतर मिळाला. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. बैठकीत कसे बसायचे, काय विचारायचे आणि हप्ता कधी मागायचा, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले.

गावपातळीवरच्या बैठकीला आपल्याकडे कायद्याचा भक्कम पाया आहे, तो विसरता कामा नये. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेची गणपूर्ती ठरवून दिली आहे: एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूदही आहे. पण तिथेच एक पळवाटही आहे. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला पुढे गणपूर्तीची गरज राहत नाही. ज्यांना लोक नकोच असतात त्यांना एवढे पुरते. पहिली सभा पेरणीच्या दिवसांत लावायची, ती तहकूब होऊ द्यायची, आणि दुसरी मोजक्या माणसांत उरकायची. घरकुलांची यादी अशा सभेत मंजूर झाली तर ती कागदोपत्री निर्दोष असते. हजर राहणाऱ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतलेले असतात. अनेकदा ठराव लिहिण्याआधीच घेतलेले असतात. म्हणून निवाऱ्याच्या कामात मुरलेले लोक एक गोष्ट आग्रहाने सांगतात. हजेरीची सही म्हणजे हजेरीच, संमती नव्हे. संमती इतिवृत्तात वेगळी लिहिली पाहिजे, आणि कोणी विरोध केला असेल तर तो कारणासह लिहिला पाहिजे. इतिवृत्त दोन-तीन दिवसांत सर्वांच्या हातात पडले पाहिजे, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या निर्णयांचे काय झाले यानेच झाली पाहिजे.

इथे एक अवघड गाठ आहे, आणि ती सुटली आहे असे मी म्हणणार नाही. जागतिक संकेत असा की लाभार्थ्यांची नावे, पत्ते, कोण विधवा, कोण एकटी, कोण कोणत्या जमातीचा, हे बैठकीत मोठ्याने वाचायचे नाही, कारण संघर्षाच्या प्रदेशात अशी यादी जिवावर बेतू शकते. आपल्याकडे मात्र यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली नाही तर लोकांना घोटाळ्याचा वास येतो, आणि तो वास पुष्कळदा खराही असतो. मला विचाराल तर पूरग्रस्त किंवा भूकंपग्रस्त गावात यादी फलकावर असावीच. पण एकट्या बाईच्या घराची खूण सांगणारे तपशील तिथे नसावेत.

पुन्हा उज्जैनकडे वळतो, कारण बैठकीतली जागा आणि जमिनीवरची जागा यांचे नाते मी इथेच स्पष्ट पाहिले. सिंहस्थात आखाड्यांचे स्थान मोठे. मान्यताप्राप्त आखाडे तेरा: सात शैव, तीन वैष्णव, दोन उदासीन आणि एक निर्मल. त्यांची अखिल भारतीय आखाडा परिषद आहे, आणि मेळा प्रशासनाच्या समोर साधूंच्या वतीने ती बसते. अनेक आखाड्यांच्या नावांतच 'पंच' किंवा 'पंचायती' हे शब्द आहेत. निर्णय पंचांनी बसून घ्यायचा ही त्यांची जुनी रीत. २०१६ मध्ये त्यांच्या मिरवणुकीला इथे 'पेशवाई' म्हणत, आणि मराठी कानाला तो शब्द ऐकून शिंद्यांचे उज्जैन आठवते. मागच्या सिंहस्थात कोणाला कोणती जागा होती त्याची नोंद पुढच्या वेळी प्रमाण मानली जाते. जागा ठरली की तिच्या पाठोपाठ पाण्याचा नळ, विजेची तार, शौचालये, रस्ता येतो. स्नानाचा क्रम आणि वेळही त्याच मान्यतेवर ठरते.

२०१५ साली किन्नर आखाडा स्थापन झाला. त्याच्या प्रमुख लक्ष्मीनारायण त्रिपाठी, ठाण्याच्या, मराठी वाचकांना चांगल्या परिचित. तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालातही त्यांचा सहभाग होता. उज्जैनचा सिंहस्थ हा त्यांच्या आखाड्याचा पहिला मोठा मेळा. परिषदेने चौदावा आखाडा मानायला नकार दिला. आता ज्याची मान्यताच नाही, त्याने परिषदेच्या बैठकीत बसायचे कसे, आणि तिथे बसता येत नाही तर जागा आणि स्नानाची वेळ मागायची कोणाकडे? तरीही एप्रिल २०१६ मध्ये त्यांची मिरवणूक निघाली आणि ती पाहायला आमच्या उज्जैनात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी झाली. त्यांनी छावणी थाटली, क्षिप्रेत स्नान केले. पुढे २०१९ च्या प्रयागच्या कुंभात किन्नर आखाडा जूना आखाड्याशी जोडला गेला. तेरा हा आकडा कायम राहिला, आणि चौदाव्याला तेरांतल्या एकाच्या दाराने आत यावे लागले. परंपरेचा मान राखूनही मला असे वाटते की, प्रशासनाने निवारा, पाणी आणि शौचालयांच्या वाटपाची बैठक धार्मिक मान्यतेच्या बैठकीपासून वेगळी ठेवायला हवी. कोण आखाडा आणि कोण नाही, हे साधूंनी ठरवावे. कोणाला छप्पर आणि पिण्याचे पाणी लागते, हे मोजून ठरवता येते. स्फिअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानवतावादी मानकांत निवाऱ्याखाली माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा धरली आहे. तिथे माणूस कोणत्या पंथाचा, हे विचारलेले नाही.

आणि शेवटी तो शेतकरी, ज्याच्या रानात मेख ठोकली जाते. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्याच्या आदल्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वरची पाळी. उज्जैनच्या मेळ्याची जमीन बहुतेक शेतकऱ्यांची. दर बारा वर्षांनी काही महिन्यांसाठी ती घेतली जाते आणि परत दिली जाते. या वेळी मध्य प्रदेश शासनाने भूसंचयाची योजना आणली: मेळा क्षेत्रातल्या गावांच्या जमिनी एकत्र करायच्या, तिथे कायमचे रस्ते आणि बांधकामे करायची, आणि विकसित जमिनीचा ठरावीक वाटा मालकाला परत द्यायचा. शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. भारतीय किसान संघाने आंदोलन उभे केले, ट्रॅक्टर रस्त्यावर आले, आणि २०२५ च्या अखेरीस शासनाने योजना मागे घेतली. योजना चांगली होती की वाईट, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण मुख्यमंत्र्यांच्या समोरची खुर्ची शेतकऱ्यांना मिळाली ती ट्रॅक्टर रस्त्यावर आल्यावर, आखणी पूर्ण झाल्यावर.

त्या खुर्चीवरून सांगण्यासारखे त्यांच्याकडे खूप आहे. मेळा उठल्यावर शेतात राहिलेला मुरूम कोण उचलणार, कारण मुरमावर सोयाबीन येत नाही. कोणत्या बांधाच्या खाली पाणी साचते आणि तिथे अन्नछत्र नको. वळवाचा वारा बहुधा कोणत्या दिशेने उठतो आणि मंडपाचे तोंड कुठे असावे. भिजल्या काळ्या मातीत मेख धरत नाही, तेव्हा खाली वाळूची पोती लागतील की काँक्रीटचे ठोकळे. २०२८ च्या तंबूंच्या बैठका आत्ताच सुरू होतील. त्या सोयाबीनच्या काढणीत किंवा गव्हाच्या कापणीत लागू नयेत. त्यांची नोटीस आठ दिवस आधी, हिंदीत, गावाच्या चावडीवर लागावी आणि दवंडीही पिटली जावी. आणि हजेरीपुस्तकात नाव-सहीच्या पुढे एक रकाना जास्त असावा: 'काय सांगितले'.